दोन आट्यांवरचा नट

"आवं, हिकडं या. मी सांगतो म्हणून मानू नका, हात घालून बघा."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी ऐकत असे. माधवनगर रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि भिंतीपलीकडं मिस्त्रींचं गॅरेज. तुम्हाआम्हाला गाडीखालचं काय कळतं? एक काम सांगून गाडी सोडावी आणि तासाभरानं फोन यावा, 'आणखी एक निघालंय', की लगेच मनात येतं, खरंच निघालं की काढलं? मिस्त्रींना ही शंका ठाऊक होती. म्हणून ते फोनवर बिघाड सांगतच नसत. गिऱ्हाइकाला बोलावून त्याचा हात धरायचे आणि थेट बिघाडावर नेऊन ठेवायचे. एकदा एका पांढऱ्या सदऱ्यातल्या शेठजींना त्यांनी असंच गाडीखाली आडवं केलं. शेठजी काळेकुट्ट होऊन बाहेर आले. "पटलं. पण आता घरी काय सांगू?"

"मिस्त्रीनं घातलं खाली म्हणा. माझं नाव आधीच लय खराब हाय तुमच्या घरात."

जतकडचा एक मेंढरांचा व्यापारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. एका सकाळी तो घाईनं आला. बायको मिरजेच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, दुपारी तिला सोडणार होते. पुढच्या चाकातून आवाज येत होता, तेवढा बघून द्या म्हणाला आणि झबल्याची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसला.

आवाज ब्रेकचा निघाला. मी नवे पॅड द्यायला गेलो, तर मिस्त्री उतरवलेल्या चाकाशेजारी उकिडवे बसलेले, हात थांबलेले. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथं जोडतात, तिथल्या नटात एक बारीक पिन घालावी लागते. ती असली की नट फिरत नाही. इथं पिन नव्हती. नट ढिला होत होत शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. निसटला असता, तर स्टिअरिंग एकीकडं आणि चाक भलतीकडं.

"कुणाचं काम हे?"

"माझंच. दिवाळीच्या आधी मीच खोललं हुतं."

मी बाकाकडं पाहिलं. व्यापारी फोनवर बोलत होता. "पिन घाला, नट आवळा आणि गप्प बसा," मी हळूच म्हणालो. मिनिटाचं काम होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले. मग उठले. बाकाकडं बघून त्यांनी हाक मारली. "आवं... हिकडं या."

त्यांनी व्यापाऱ्याचा हात नटावर ठेवला. नट बोटानं फिरला. "ह्यात पिन पायजे हुती. मी घालायची इसरलो. चूक माझी हाय."

व्यापाऱ्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं हात झटक्यात मागं घेतला. "म्हंजी त्या दिवशी बायकूला कळा येत हुत्या आन् मी पळवत आणली, ती ह्याच्यावर?"

"व्हय."

त्यानं मिस्त्रींची कॉलर धरली. मी मधे पडणार, तोवर मिस्त्रींनीच मला हातानं थांबवलं. शेजारी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानं गुपचूप आपली किल्ली उचलून घेतली. ते मी पाहिलं, मिस्त्रींनीही पाहिलं.

"आता मी नट आवळून दिला, तर बाळाला घिऊन बसाल का ह्या गाडीत?" कॉलर तशीच धरलेली असताना त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"बसूबी नका. दुसरा मिस्त्री बोलवा. चारी चाकं त्येला बघू द्या. मी हात लावत न्हाई."

सांगलीतून दुसरा मिस्त्री आला, त्यानं पिन घातली, पॅड बदलले. दोन तास तो गाडी तपासत होता आणि आमचे मिस्त्री त्याला पाने देत होते. दवाखान्यातून फोनवर फोन येत होते. शेवटी सांगलीचा मिस्त्री म्हणाला, "बाकी सगळं चोख हाय." व्यापारी गाडी घेऊन गेला. मिस्त्रींचा डबा त्या दिवशी उघडला नाही.

बातमी पसरली. पुढचे दोन महिने गॅरेजात कुणी फारसं फिरकलं नाही. एकदा न राहवून मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर?"

"मग दुसऱ्याला हात घालून बघा म्हनायचं कुठल्या तोंडानं?"

उन्हाळ्यात एक दिवस तो व्यापारी आला, भावाची जीप घेऊन. स्वतःची नव्हे. "बघा," म्हणाला. "आन् काय निघालं तर मला हाक मारा." काम झाल्यावर मिस्त्रींनी हाक मारली. त्यानं वाकून एकेक पिन चाचपली, मान हलवली आणि गेला. महिन्याभरानं स्वतःची गाडी आणली.

गेल्या वर्षी मिस्त्रींची नजर अधू झाली. बारीक जिन्नस नीट दिसेनात, तसं त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून गाड्या घेणं बंद केलं आणि मुलीकडं राहायला जायचं ठरवलं. न्यायला तोच व्यापारी आला. मागच्या सीटवर त्याची तेव्हा जन्मलेली पोरगी शेंगा खात होती. मिस्त्री पुढं बसले. आम्ही दोघांनी सामान चढवलं. मी निरोप घ्यायला काचेशी वाकलो, तर त्यांना झोप लागलेली.

व्यापाऱ्यानं ओठावर बोट ठेवलं. मग पलीकडून बसला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.