उपासाचं सैंधव

ह्यांचं हृदय थकलं तेव्हा आम्ही नाशिकरोडला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. हे फिटर होते. डॉक्टर म्हणाले, पंप कमजोर झालाय, पाणी अंगात साठतं, पायांवर उतरतं, छातीत चढतं. फिटर माणसाला पंपाची भाषा लगेच कळली. मला एवढंच कळलं की हे आता पुरते बरे व्हायचे नाहीत, जपून राहायचं. आणि जपणार मी, हे मी मनात धरूनच टाकलं होतं. दुसरं कोण जपणार?

पण जपायला ती आली.

ती म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर. मूळची मनमाडची. आमच्यामागच्याच चाळीत एकटी राहायची. कडक इस्त्रीची पांढरी साडी, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ. तोंडानं मी तिला सिस्टर, अहो-जाहो म्हणत असे. खरं तर म्हणत असे कुठली, मी तिच्याशी बोलतच नसे. ती आली की चहा ठेवायचा आणि दाराआड उभं राहायचं. इथे ‘ती’ लिहिते, कारण मनात ती कायम ‘ती’च होती.

तिनं ह्यांना एक वही दिली. रोज सकाळी, काही खायच्या आधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. घरात कुठला आलाय वजनकाटा? हे कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जायचे. पोती तोलायच्या काट्यावर उभे राहायचे. गिरणीवाला रोज तोच विनोद करायचा, “या दादा! आज दळायचं की नुसतं तोलायचं?” हे हसत घरी येऊन मला सांगायचे. प्यायचं पाणी एका तांब्यात मोजून ठेवायचं, दिवसभर त्यातलंच प्यायचं. लघवीची गोळी सकाळी. आणि मीठ बंद.

बावीस वर्षं मी ह्यांना सांगत होते, हळू जेवा, विडी सोडा. विडी सुटली ती तिच्या एका वाक्यावर. तिनं म्हणावं, “दादा, दोन किलो वाढले की त्याच दिवशी मला सांगायचं, मी नसले तर डॉक्टरांकडे जायचं, काय?” आणि ह्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवावी. रविवारी ती वही बघायला यायची. सगळे आकडे नीट असले की म्हणायची, “शाब्बास!” ह्यांचं तोंड असं फुलायचं की मी कपबशी आपटूनच ठेवायचे.

अळणी जेवण मात्र ह्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. दोन घास खाल्ले की ताट सारायचे. मला काही बोलायचे नाहीत. तिला मात्र सांगितलं. एके दिवशी दवाखान्यातून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले,

“अगं, सिस्टर म्हणाल्या, लसूण भाजून घाल. लिंबू पिळ वरनं. आमटीला कोकम जास्त टाक.”

“मला शिकवणार आता त्या आमटी?”

“शिकवत नाहीत गं. त्यांनी करून बघितलंय.”

“कुणासाठी?”

हे उंबऱ्यावरूनच मागे फिरले. माझं मलाच वाईट वाटलं, पण आतली आग काही विझली नाही. तिनं सांगितलेली भाजक्या लसणाची आमटी मी केली नाही. चांगली झाली असती तर श्रेय तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी एकादशी होती. आमच्या माहेरी उपासाला साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं. दगडासारखा गुलाबी खडा, कुटून बरणीत ठेवलेला. साबुदाण्यात ते घालताना हात थांबला. म्हटलं, उपासाला मीठ वर्ज्य, आणि हे चालतं. मग हे मीठ कसं? हे सोवळ्यातलं, पोटाला थंड. आईनं लहानपणापासून हेच सांगितलेलं. सिस्टरनं मीठ बंद केलंय, सैंधवाचं नावसुद्धा काढलेलं नाही.

विचारायला हवं होतं. मागची चाळ ती किती लांब? पण तिच्या दारात जाऊन मी विचारायचं, आणि मग हे मला सांगणार, ‘सिस्टर म्हणाल्या सैंधव घाल.’ ते मला नको होतं. हे माझं मला सापडलं होतं.

त्या दिवसापासून आमटीत, भाजीत सैंधव पडायला लागलं. ह्यांनी पहिल्या घासाला वर बघितलं. “काय केलंस आज?”

“काही नाही. मीठ नाही घातलं.”

“हाताला चव आहे बाई तुझ्या!”

लग्नानंतर एवढं स्पष्ट कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. तिसरी भाकरी वाढताना माझे हात हलके झाले होते.

त्याच आठवड्यात ती भावाच्या लग्नाला मनमाडला गेली. मला तर सणच वाटला. गिरणीतून हे आले आणि म्हणाले, “अर्धा किलो वाढलं.” दोन दिवसांनी दीड. गिरणीवाला म्हणाला होता, “दादा, वहिनींनी खुराक चालू केलेला दिसतोय!” पुढच्या सकाळी दोन किलो भरले. ह्यांनी वही हातात धरली आणि म्हणाले, “डॉक्टरांकडे जायला पाहिजे. सिस्टरांनी सांगून ठेवलंय.”

मी म्हणाले, “दोन घास जास्त जातायत, तर वजन वाढणारच. जेवण अंगी लागतंय, हे कुठलं दुखणं? त्यांच्या अळणी आमटीनं वाळलात तेच बरं होतं का?”

हे विचारात पडले. मग वही कोनाड्यात ठेवली आणि कामावर गेले. तिच्या शब्दाविरुद्ध माझा शब्द पहिल्यांदाच खरा ठरला होता. दिवसभर मी गुणगुणत होते.

आणखी दोन दिवसांनी सकाळी बूट बांधायला वाकले आणि तसेच थांबले. धाप लागली होती. ओठ निळसर दिसले. मी बूट काढून घेतले, तर मोज्याचा वळ पायात खोल रुतलेला. “काही नाही, जरा बसतो,” म्हणाले. रजा टाकली. मी मनाशी म्हणत राहिले, थकवा असेल.

दुपारी ती मनमाडहून परतली आणि ह्यांनी तिच्या चाळीत ठेवलेला निरोप मिळताच लग्नाच्याच साडीत आली. आधी वही बघितली. मग ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

“दादा, काय खाताय?”

“घरचंच.”

“पापड? लोणचं? कारखान्याबाहेरची मिसळ?”

“आईशप्पथ नाही हो. घरात मीठ शिजतच नाही. विचारा हिला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाशी धरला.

“मग पाणी जास्त पिताय. खोटं बोलू नका दादा, हा खेळ नाही.”

ह्यांचा चेहरा पडला. धापेतच चिडले, “खोटं? मी रोज गिरणीत पोत्यासारखा उभा राहतो, लोक हसतात, आणि तुम्ही मला खोटं पाडता? नका येऊ उद्यापासून! माझी बायको बघेल माझं!”

हे वाक्य ऐकायला मी किती महिने जीव टाकला होता, माझं मला माहीत. ती उठली. पिशवी घेतली. मी गप्प राहिले असते तर ती गेली असती, आणि हे माझे राहिले असते. किती दिवस, ते त्या पायातल्या खळग्यात दिसत होतं.

मी आत गेले आणि सैंधवाची बरणी आणून तिच्यापुढं ठेवली. म्हणाले, “हे घालते. उपासाचं आहे.”

तिनं बोटावर कण घेऊन जिभेला लावला. मला वाटलं आता ओरडेल. ह्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

“वहिनी,” ती म्हणाली, “हेही मीठच. देवाला चालतं, ह्यांच्या हृदयाला चालत नाही.” मग बरणीचं झाकण लावत म्हणाली, “तुम्हाला सांगायला हवं होतं मी. चूल तुमची, आणि सगळं दादांनाच सांगत बसले.”

तिनं माझी चूक निम्मी स्वतःवर घेतली. तेही मला सहन झालं नाही. मोठेपणासुद्धा तिलाच मिळायचा.

रिक्षा तिनंच आणली. ह्यांना मोठ्या दवाखान्यात ठेवलं. सुया दिल्या, पाणी उतरलं, चौथ्या दिवशी हे धाप न लागता उताणे झोपू शकले. संध्याकाळी ड्युटी संपवून ती आली आणि खाटेशी मला बोलावलं. माझा हात धरून अंगठा ह्यांच्या नडगीवर टेकवला. “दाबा. जोरात. आता पाच अंक म्हणा. सोडा.” खळगा उमटला, पण उथळ, आणि बघता बघता भरून आला. “हे रोज करायचं. वजन वहीत तुम्ही लिहायचं. वाढलं की माझ्याकडे तुम्ही यायचं, दादा नाही.”

हे डोळे मिटून पडले होते. बावीस वर्षांत पाया पडण्यापलीकडे मी ह्यांच्या पायाला हात लावला नव्हता. त्यानंतर सहा वर्षं रोज सकाळी लावला. हे गेले त्या आठवड्यातही लावला. खळगा भरायला किती वेळ लागतो ते बघायचे, आणि जास्त लागला की तिच्या दारात जाऊन उभी राहायचे.

लोक म्हणायचे, बायकोनं जपलं म्हणून सहा वर्षं काढली. मी मान खाली घालायचे. लाजते, असं त्यांना वाटायचं. माझ्या नवऱ्याच्या पायाला हात कसा लावायचा हेसुद्धा मला दुसऱ्या बाईकडून शिकावं लागलं, हे मला अजूनही सलतं. तिनं शिकवलं नसतं, तर ती वर्षं मिळाली नसती, हेही मला माहीत आहे. तरी सलतं.