वाटीतलं मीठ

आमचा दादा, सोपानराव, कासारवाडीला स्टेशनाजवळ पिठाची गिरणी चालवायचा. गोष्ट चोपन्न सालची. दिवसभर पीठ उडायचं ते दादाच्या नाकात जाऊन बसायचं. वास म्हणून त्याला येतच नसे. गिरणीचा पट्टा जळून धूर निघाला तरी गिऱ्हाइकाने सांगावं लागे. शेवटी चिंचवडच्या तालमीतल्या एका वस्तादाने त्याला जलनेती शिकवली. तेव्हापासून रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ विरघळवायचं, तोटीच्या लोट्यातून ते एका नाकपुडीत ओतायचं आणि दुसरीतून काढायचं. आळीतले लोक म्हणायचे, सोपानरावांच्या दारात गोमुख लागलंय. दादा हसायचा. नाकाने कांदे सोलणाऱ्यांतला तो कधी नव्हताच.

त्या श्रावणात दुर्गावहिनीला ताप आला तो उतरेना. डॉक्टरांनीही मान हलवली. मी दादाची धाकटी बहीण, नवऱ्यामागे त्यांच्याकडेच राहत होते. रोज दिवेलागणीला मी वहिनीवरून मीठ उतरून चुलीत टाकायची. उतरलेलं मीठ घरात ठेवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एका संध्याकाळी जेवणं लवकर उरकून मी चूल सारवली होती, विस्तव नव्हता. सकाळी टाकू म्हणून मिठाची वाटी फडताळात ठेवली आणि विसरले. माझ्या आळसाला काय म्हणावं?

सकाळी दादाने हाताला लागलं ते मीठ घेतलं आणि लोट्यात टाकलं.

नाक शिंकरून तो सरळ उभा राहिला. म्हणाला, "कौशे, घरात कोरं मांजरपाट कुणी आणलं?"

आमच्या घरात कोरं मांजरपाट एकाच वेळी यायचं, मेलेल्या माणसावर घालायला. घरात तर वीतभरही नव्हतं. दादा वास घेत घेत वहिनीच्या अंथरुणाशी गेला, वाकला आणि तिची चादर नाकाशी धरून तिथेच बसला. फडताळातली रिकामी वाटी तेव्हा माझ्या ध्यानात आली. मी रडत रडत त्याला सगळं सांगितलं. तो उठून गिरणीवर गेला.

संध्याकाळी वहिनीने पेज मागितली, आठ दिवसांत पहिल्यांदा. दादा तिच्या उशाशी बसून हुंगत होता. मग त्याने स्वतःचे तळहात नाकाशी नेले आणि पुन्हा पुन्हा हुंगले. तिचा वास कमी झालाय, एवढंच म्हणाला. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या संध्याकाळीही मी मीठ उतरलं. चूल चांगली पेटलेली होती, पण मी टाकतो म्हणून दादाने वाटी माझ्या हातातून घेतली. विस्तवात मिठाची तडतड काही ऐकू आली नाही. सकाळी उठून बघते तर अंगणात लोटा, शेजारी तीच वाटी.

"दादा, ते वहिनीवरून उतरलेलं हाय."

"ठाऊक हाय. काल चुकून घेतलं. आज चुकून न्हाई घेत."

सहा दिवस हे चाललं. मीठ उतरायचं मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही, कारण वहिनी रोज थोडी जास्त वेळ उठून बसत होती, आणि दोघांतलं एक माणूस निवडायची माझी छाती नव्हती. ही लाज मला अजून आहे.

सातव्या दिवशी वहिनी स्वतःच्या पायांनी न्हाणीत गेली. दुपारी गिरणीवरून निरोप आला. दादा गव्हाच्या पोत्याला टेकून बसला होता, तोंडावर पीठ, आणि पट्टा तसाच फिरत होता. मांजरपाट आणलं तेव्हा मी मुद्दाम हुंगून पाहिलं. खळीचा वास आला, बाकी काही नाही.

वहिनी अजून विचारते, तुमच्या दादाला झालं तरी काय होतं. मी सांगत नाही. तिचं अंग जरा कोमट लागलं की मी मीठ उतरते आणि तडतड ऐकू येईपर्यंत चुलीसमोरून हलत नाही. लोटा घासून वर ठेवलाय. तो कुणाच्या हाताला लागणार नाही, माझ्यासुद्धा.