गणू मिस्त्री आणि न्हाणीचा धूर

गणू मिस्त्री रस्त्याने चालताना माणसांकडे बघतच नसे. बघायचा तो कौलांकडे. स्वतः बांधलेल्या न्हाणीचं नळकांडं धूर बाहेर टाकतंय ना, एवढं बघूनच पुढे जायचा. मंगळवार पेठेत लोक हसायचे. हसोत बापडे!

आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब, आणि भिंती काळ्याकुट्ट. वडिलांचं, म्हणजे आबांचं, म्हणणं, नळकांडं माळ्यातच सोडावं, उगाच कौलं कशाला फोडायची? मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "माळ्यात सोडायचा म्हंजे एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत कोंडायचा. धूर घराभाईर काढायचा असंल तर सांगा, न्हायतर ह्यो मी चाललो." आबांना असं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कौलं फोडली.

त्या हिवाळ्यात थोरली बहीण अक्का बाळंतपणाला आली. नळकांड्यातून गार वारं उतरतं, बाळंतिणीला बाधेल, थोडी धुरी तिला बरीच, असं म्हणून आईने नळकांड्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं. बाळ झाल्यावर एका सकाळी अक्का न्हायला गेली आणि आतून कडी लावली. आई बाळाला घेऊन दाराशी बसली, शेजारी मी. तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, "वयनी! बंब पेटलाय न्हवं? मग धूर का न्हाय भाईर?"

"अक्के! अगं ए अक्के!" आईने दारावर थापा मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. मिस्त्री धावत आत आला, आणि आई, देवा रे, दार अडवून उभी!

"आत बाळंतीण न्हातीया, मिस्त्री!"

"आधी जगू द्या, मग लाजू द्या! सरका!"

दोन लाथांत कडी निखळली. लगेच त्याने पटक्याचा शेव डोळ्यांवर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "दम रोखून जावा आत! ओढा भाईर!" आईने बाळ त्याच्या हातात दिलं. आम्ही दोघींनी अक्काला बाहेर ओढून लुगडं पांघरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती खोकली.

"मीच कोंबलं गोणपाट," म्हणत आई कपाळ बडवू लागली. भिंतीकडेच तोंड ठेवून मिस्त्री म्हणाला, "तुमचं न्हाय चुकलं, वयनी. म्या समदं आबास्नी सांगितलं. न्हाणी वापरणाऱ्या बाईला कुणी सांगितलं? चूक माझी हाय." पुढे कुठल्याही घरी तो आधी बायकांना बोलावून घेई.

पण अक्का माहेरी असली की तो आमच्या गल्लीत फिरकेना. ती समोर आलीच तर मान खाली घालून वळायचा. अक्काच्या मनाला ते फार लागलं. भाऊबीजेला ती तबक घेऊन थेट त्याच्या घरी गेली. मी सोबत होते. तो पाटावर बसला खरा, पण नजर जमिनीतच.

"दादा," अक्का म्हणाली, "जित्ती हाय मी. बघा की माझ्याकडं."

त्याने मान उचलली.