दीपमालाचा चाळीसावा मजला

नारायण पेठेत राहणारी दीपमाला आर्किटेक्ट होती आणि उंचीला प्रचंड घाबरायची. घरातले बल्बसुद्धा तिचा नवरा आमोद बदलायचा. ऑफिसात मात्र ती हिंजवडीतल्या नियोजित चाळीस मजली टॉवरचा आराखडा बेधडक काढत होती. कागदावरचा चाळीसावा मजला टेबलाइतकाच उंच असतो, त्यामुळे कधी अडलं नाही.

टॉवर रणजितचा, जमीन त्याच्या आईची, मुक्ताबाईंची. तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. रणजितला सगळ्यात वर, इमारतीबाहेर डोकावणारी काचेची फरशी हवी होती.

"मॅडम, पायाखाली अख्खं हिंजवडी दिसलं पाहिजे!"

दीपमालानं तीही काढून दिली.

एकदा व्ह्यू बघायला म्हणून तो तिला आणि आईला शेजारच्या उंच इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेला. कामच आहे म्हणून दीपमाला कशीबशी कठड्याशी गेली. खाली कंपन्यांच्या बसेस काडेपेट्यांएवढ्या दिसल्या मात्र, ती जी मागे सरली ती थेट पाण्याच्या टाकीला टेकली. तिथे मुक्ताबाई आधीच डोळे मिटून बसल्या होत्या.

"तुमीबी भिताय?" त्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"फार."

"आन् वरती काच तुमीच घातली?"

"कागदावर भीती वाटत नाही हो, मावशी."

मुक्ताबाई इतक्या हसल्या, की पलीकडे फोनवर बोलत असलेल्या रणजितला फोन बंद करून काय झालं ते विचारावं लागलं. कुणीच सांगितलं नाही.

दीपमालानं आराखडा पुन्हा काढायला घेतला. काच गेली. तिच्याऐवजी वर बाग आली, बाकं कठड्यापासून लांब, मधोमध.

रणजित वैतागला. "अहो, काचेचं मी सगळ्यांना सांगून बसलोय!"

"मग त्याच गच्चीवर जाऊ. कठड्याशी उभे राहा, सरळ खाली बघा आणि मग ठरवा."

तो ऐटीत गेला. वाकला. जरा वेळानं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला कठडा सोडून, एकेक पाऊल मागे टाकत परत आला.

"वारा फार आहे," तो म्हणाला.

"व्हय, वाराच आसंल," याही खेपेला टाकीपाशी येऊन बसलेल्या मुक्ताबाई म्हणाल्या.

बाग मंजूर झाली. मुक्ताबाईंनी तिथे कढीपत्ता लावायला सांगितला, दीपमालानं तो नकाशात दाखवला. रणजितनं मात्र हट्टानं त्याच्या शेजारी 'अरोमॅटिक ग्रीन्स' असं लिहून घेतलं.