मानेवरचा मळ आणि संत्र्याचा रस

"पीसीओएस आहे," अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल ओढली. "तेल-तूप एकदम बंद करा, वजन उतरवा. लग्न झालं की होईल सगळं ठीक."

लग्न हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, हे विचारायचं राहून गेलं. माझी पाळी तेव्हा कित्येक महिने आलेली नव्हती. हनुवटीवर केस यायला लागले होते. बाहेरच्या बाकांवर आम्ही इतक्या जणी होतो की आत बसवून समजावून सांगायला बाईंना वेळच नव्हता, हे मान्य. पण लग्नाचा सल्ला द्यायला वेळ होता.

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. अंडाशयात दर महिन्याला एक अंडं पूर्ण वाढून बाहेर पडायला हवं. इथे ते मधेच अडतं, अर्धवट वाढलेली अंडी तशीच साचून राहतात, आणि पुरुषी हार्मोन जरा जास्त तयार होतात. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला फक्त तेल समजलं.

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. परतवाड्याजवळच्या गावाहून रोज बसने अपडाउन करते. मुलांना पचनसंस्था शिकवणारी ही बाई घरी जाऊन मोबाइलवरच्या ताई-माईंचे व्हिडिओ बघत बसली. एक ताई सांगायची, तेलाचा प्रत्येक थेंब थेट पोटावर जाऊन बसतो. कसा जातो, कोणत्या रस्त्याने जातो, हे ताईंना कोणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

मग माझ्या ताटातून तेल हद्दपार झालं. आई माझ्यापुरती कढईत पाणी टाकून भाजी शिजवायची आणि ती भाजी तोंडात घातली की तिच्याबद्दल वाईट वाटायचं, भाजीबद्दल. शेंगदाणे बंद, जवस बंद, अंड्यातलं पिवळं बंद. आमच्याकडे चटणी वाढली की तिच्यात बोटाने आळं करतात आणि त्यात कच्चं तेल ओततात. जवसाची चटणी तशीच खायची असते. तेही बंद झालं. भूक लागली की मी मुरमुरे खायची, टोस्ट खायची, आणि पाकिटावर 'फॅट फ्री' लिहिलेली बिस्किटं खायची. साखरेचे खडे बिस्किटावरून माझ्याकडे बघायचे, पण पाकिटावर साखरेचं काही लिहिलेलं नसल्यामुळे मी निश्चिंत होते.

आणि रस. आमची संत्र्याची बाग आहे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची फळं उतरतात, होळीच्या आसपास मृग बहाराची. डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय म्हटल्यावर बाबांनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी बसच्या आधी ते स्वतः रस काढायचे, आंबट लागू नये म्हणून त्यात साखर घालायचे, आणि मोठा ग्लास माझ्या हातात द्यायचे. संध्याकाळी आले की दुसरा. "घे बाई. घरचं फळ हाय. यानं कोनाले काही होत नसते."

आमच्या भागात हे वाक्य कोर्टाच्या निकालासारखं चालतं. घरचं आहे म्हटलं की अपील नाही.

वजन वाढलं. मी तेल आणखी सोडायचं म्हटलं तर सोडायला शिल्लक काही नव्हतं. मानेच्या मागे काळा पट्टा दिसायला लागला, मखमलीसारखा जाड. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला आत्याकडे गेले तर तिने मला दारातच उभं करून मान तपासली. बेसन आणि लिंबाने पहिला हल्ला झाला. नंतर दगडाने. शेवटी आत्याने भांड्याची घासणी आणली आणि जोर लावून मान घासली. रक्त आलं, पट्टा हलला नाही.

"आंघोय करत जाय न नीट," आत्या म्हणाली. "पाव्हने पाहाले येतीन तं मानच दिसन पह्यले."

पाहुण्यांना मुलीची मान मागून बघायची असते हे मला नवीन होतं. पण आत्याचे उपकार मानलेच पाहिजेत. सोललेली मान चिघळली, म्हणून स्किनच्या डॉक्टरकडे जावं लागलं. त्याने मलम दिलं आणि विचारलं, पाळी नियमित येते का. मी चिडले. मान दाखवायला आलेल्या बाईला पाळी कशाला विचारता? त्याने शांतपणे एका हार्मोनच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

तर बायांनो, हे नीट वाचा. तो मळ नव्हता. त्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेची, काखेतली कातडी अशी जाड आणि काळी पडते. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, आत्यानेही जात नाही.

हार्मोनच्या डॉक्टरांकडे उपाशीपोटी रक्त दिलं, मग साखर पाजून पुन्हा दिलं. मधल्या वेळात बाकावर बसून मला एकच गोष्ट आठवत होती. आमच्या फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशव्यांच्या वर, आईचं मधुमेहाचं इन्सुलिन असतं. रोज जेवणाआधी ती पदर बाजूला करून पोटात सुई टोचते. पोटावर निळे डाग आहेत. घरात सगळ्यांना माझ्या लग्नाची आणि मूल होईल की नाही याची काळजी होती. मला त्या सुईची होती. तिशीच्या आत फ्रिजच्या दारात माझी बाटली आईच्या बाटलीशेजारी लागेल, एवढीच मला भीती वाटत होती, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

रिपोर्ट आले. एचबीए वन सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"तेल सोडलं. मग पोट कशाने भरता?"

मी सांगितलं. रसाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एका ग्लासात संत्री किती?"

"सहा-सात. मोठा ग्लास आहे."

"सात संत्री सोलून एका बैठकीत खाल?"

"नाही."

"मग पिता कशाला?"

एवढा साधा प्रश्न मी, विज्ञानाच्या शिक्षिकेने, स्वतःला कधी विचारला नव्हता.

मग त्यांनी समजावलं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे इन्सुलिन दार वाजवतं पण पेशी साखर आत घेत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं, आणि पाळी अडते. मी तेल काढलं आणि त्याच्या जागी मुरमुरे, टोस्ट, साखर आणि चोथा गाळून टाकलेला रस भरला. साखर भरकन चढायची, इन्सुलिन तिच्यामागे. तेल जपून खायचं असतं, पण सगळं तेल शत्रू नसतं. वारंवार तापवलेलं तळणीचं तेल आणि डालडा टाळा. शेंगदाणे, जवस, तीळ, थोडं कच्चं तेल चालेल, चमच्याने मोजून. त्याने जेवण पोटात टिकतं. फळ खा, पिऊ नका. रोज चाला. मेटफॉर्मिनची गोळीही दिली. ती इन्सुलिनचं काम सोपं करते. पहिले काही दिवस तिने माझं पोट बिघडवलं, नंतर सवय झाली. तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरला विचारा, मला नको. मी फक्त माझं सांगते.

घरी परत आले तेव्हा बाबा रसाचा ग्लास घेऊन दारातच उभे होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. जरा जास्तच शिकवण्याच्या आवाजात सांगितलं असेन.

बाबांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"मंग मी काय तुले जहर पाजून राह्यलो होतो?"

ते रस तसाच ओट्यावर ठेवून बागेत निघून गेले. त्या सगळ्या डॉक्टरांवर, ताईंवर, आत्यावर मला यथेच्छ हसता आलं होतं. बाबांवर हसायचं होतं, पण रडूच आलं.

तेव्हा आईने सांगितलं. मी तेल सोडलं त्या दिवसापासून बाबाही कोरडीच भाकर खात होते. चटणीत तेलाचं आळं केल्याशिवाय ज्यांचं जेवण व्हायचं नाही, त्या माणसाने सबंध हिवाळा आणि अर्धा उन्हाळा पाण्यातली भाजी गिळली. का, तर पोरीसमोर कसं खायचं. मला हे दिसलं नव्हतं. मी बिस्किटाच्या पाकिटावरची अक्षरं वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस काढायचं यंत्र वाजलं नाही. पाटावर ताट होतं. ज्वारीची भाकर, भाजी, एकच सोललेलं संत्रं आणि जवसाची चटणी. बाबांनी आळं करून ठेवलं होतं आणि तेलाची बरणी हातात धरून माझ्या हुकमाची वाट बघत होते. मी चमचा पुढे केला. त्यांनी तो मोजून भरला, थेंब सांडू न देता ओतला.

पाळी पावसाळा संपता संपता आली. साखर उंबरठ्यावरून एक पायरी खाली उतरली आहे. आजार गेलेला नाही, तो जात नसतो, सांभाळावा लागतो. मान बरीच उजळली आहे आणि आत्या त्याचं श्रेय घासणीला देते. लग्नाचं कोणी विचारलं तर मी रिपोर्ट दाखवते, लोक लगेच निघतात. फ्रिजच्या दारात अजून एकच बाटली आहे, आईची. दार उघडलं की मी रोज बघते आणि मनातल्या मनात बाबांचे आभार मानते, तोंडाने मानले तर ते चिडतील.

त्या चमच्याच्या सकाळी माझं वाढून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या चटणीतही आळं केलं आणि बरणी वाकडी केली ती केलीच. मी म्हटलं, बाबा, चमचाभर सांगितलंय.

"तुले सांगतलं," बाबा म्हणाले. "मले कोन्या डॉक्टरनं सांगतलं?"