सातवा मासा अजून आत आहे

आमच्या दादाने तीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं. मग तलावाच्या तळाला भेग पडली आणि 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली, ती लागलीच. दोन वर्षं दादा घरात कोरडा बसून होता. सकाळी पाचला उठायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. वहिनी कुंड्यांना पाणी घालायची, तर तेही टक लावून बघायचा. मी त्याची धाकटी बहीण. मला रागावण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून मी रोज फोन करून रागवायचे.

मी हाडांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. आमच्या मोठ्या डॉक्टरांचं ठाम मत आहे की प्लास्टरमध्ये अडकलेल्या माणसाला समोर काहीतरी हलताना दिसलं, की हाड लवकर जुळतं. याला कुठल्या पुस्तकात आधार नाही, पण डॉक्टरांचा स्वतःवर विश्वास दांडगा. म्हणून त्यांनी पेशंट बसतात त्या हॉलमध्ये बारा फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. आत प्रवाळ, खडक, निळे दिवे. मासे मात्र आले ते सगळे बिळात बसणारे. पेशंट तासन्‌तास दगड बघत बसायचे. एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, एवढा मोठा खडा कुणाच्या पोटातून निघाला?"

डॉक्टर भडकले. मासे परत गेले. "सतत पोहणारे, मोकळ्या पाण्यात पोहणारे मासे निवडेल असा माणूस हवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या भावाला पोहण्यातलं सगळं कळतं." यात खोटं काहीच नव्हतं.

अट एकच. पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः येऊन बघणार. सगळे मासे उघड्यावर दिसले तर टाकी दादाकडे, नाहीतर दादा परत घरी.

दुकानात मी सोबत गेले, तेच चुकलं. दादाने गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं होतं. कोण काय खातो, कोण कुणाशी भांडतो, हे दुकानदार जीव तोडून सांगत होता आणि दादा काचेसमोर उकिडवा बसून माशांची निवड चाचणी घेत होता. "हा वळताना भिंतीला घासतो. नको." "हा नुसता पंख पसरून मिरवतो. नको." समुद्रघोड्यासमोर तो बराच वेळ थांबला. "उभ्याने पोहतो," तो हळहळला. "याला लहानपणी कुणी सांगितलंच नाही."

"काका, घरी शर्यती लावणार आहात का?" दुकानदाराने विचारलं.

"टाकी बारा फुटांची आहे. दोन फुटांत दमणारा काय कामाचा?"

शेवटी सात निवडले. चार छोटे, हिरवट निळे, एकमेकांना सोडून इंचभर न हलणारे. एक पिवळाजर्द आणि एक गडद निळा. या दोघांना सर्जन मासा म्हणतात, कारण शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो. "एका टाकीत दोन सर्जन लगेच जमवून घेत नाहीत," दुकानदार म्हणाला. "दोघांना एकदमच सोडा, म्हणजे जागा माझी की तुझी हा वाद होत नाही." मी दवाखान्यात काम करते; दोन सर्जनांचं जमत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. सातवा लांबुडका, लाल. त्याने काचेला न शिवता सगळ्यांत कमी वेळात टाकी पार केली.

"याच्यासाठी वर जाळी लावा. हा उडी मारतो."

"डायव्हिंगही येतं?" दादाचा चेहरा उजळला. "हा आपला कॅप्टन."

सहा जण टाकीत सोडल्या सोडल्या पोहायला लागले. कॅप्टन सरळ खडकाखालच्या बिळात गेला आणि बाहेर यायचं नाव घेईना. दादा दिवसभर काचेसमोर उभा राहून त्याला हवेत हात मारून दाखवायचा. हळूहळू समोरचे पेशंटही आपला धड हात मारायला लागले. व्यायामाच्या ताईंनी तक्रार केली की त्यांचे पेशंट पळवले जातायत.

पंधराव्या दिवशी डॉक्टर आले आणि बोटाने मासे मोजू लागले. "सहा. सातवा कुठे?"

"आहे. कठडा धरून आहे."

"बदला तो."

दादा शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, पाण्याला भ्यायलेल्याला मी आजवर घरी पाठवलं नाही. काहींना वर्षं लागतात." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मी त्याच्या तलावात अकरा उन्हाळे कठडा धरून काढले, हे केसपेपरच्या रांगेला कळायचं काही अडलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचार केला. प्लास्टर निघालं की पेशंटला घरी पाठवायचं, एवढा एकच नियम त्यांना ठाऊक. "ठीक आहे. तो बाहेर येऊन पोहायला लागेपर्यंत तुम्ही राहा. तो बाहेर आला की तुमचं काम संपलं. मग खाणं काय, वॉर्डबॉयही घालेल."

दुसरा कुणी असता तर त्याने त्या बिळाला दार बसवलं असतं. आमचा दादा दुसऱ्या दिवसापासून लांब नळीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून बिळाच्या तोंडाशी धरू लागला, रोज बोटभर जास्त बाहेर. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता, तोही नेम धरून.

"राहू दे ना त्याला आत," मी चिडून म्हटलं. "तुझं काय बिघडतंय?"

"अगं, किती घुसमटत असेल तो," दादा म्हणाला.

याला आठ महिने झाले. परवा दुपारी दादा मागच्या खोलीत पाण्यात मीठ कालवत होता. हॉल रिकामा होता. मी केसपेपरचा गठ्ठा घेऊन टाकीसमोरून चालले होते, आणि कॅप्टन बाहेर आला. आधी तोंड, मग सगळा. सरळ त्या टोकाला गेला, काचेला न शिवता वळला आणि परत आला. इतकं सुंदर पोहताना मी कुणाला बघितलेलं नाही. दादाला हाक मारायला मी तोंड उघडलं. आठ महिने तो याचीच वाट बघत होता.

मी काचेवर जोरात थाप मारली. कॅप्टन बिळात पळाला. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

दादा बादली घेऊन आला. "काही हालचाल?"

"काही नाही."

"होईल, होईल," तो म्हणाला. मग उकिडवा बसला आणि नळी बिळाच्या तोंडाशी धरली. "घाई करू नकोस रे," तो आत बघून समजावत होता. "मी कुठे जातोय?"