सुतातली ओळ

बू सारियेमनं पाक तुकिमानना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते. निदान तिची तशी खात्री पटली होती. गल्लीच्या तोंडाशी माणूस पालथा पडलेला, गाल मातीत, एक डोळा मिटलेला. तिच्या किंकाळीनं पार क्लातेन शहरापर्यंतच्या कोंबड्या उडाल्या. अर्धी गल्ली धावली, एकानं तर कफनाची चौकशीही सुरू केली. तेव्हा प्रेत म्हणालं, "बू, जरा बाजूला व्हा. तुमची सावली ताणलेल्या सुतावर पडतेय."

जावात बाईला मानानं 'बू' म्हणतात, पुरुषाला 'पाक'. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन गल्लीत नुकताच राहायला आलेला हा गृहस्थ सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, गल्ली-सजावट स्पर्धेसाठी गल्लीतल्या फुलांच्या वाफ्याला विटांची कड लावत होता. विटा तिरक्या, अर्ध्या पुरलेल्या, करवतीच्या दातांसारख्या. बक्षिसाचं त्यांना काही नव्हतं. नोकरीभर ओढलेली प्रत्येक रेघ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणात वाकली होती. मरायच्या आत एक तरी ओळ सरळ व्हावी, एवढंच.

पण रविवारी सगळी गल्ली मदतीला लोटायची. आणि मदतीला आलेल्या माणसाला "नको" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. गल्लीप्रमुख पाक वालुयोंनी सात विटा बसवल्या. साती जणी पेंगत होत्या.

"कशा काय?"

"फारच छान, पाक!" तुकिमान म्हणाले. "हाताला वळण आहे तुमच्या."

मंडळी सोयाबीनचं तळलेलं तेंपे खाऊन पांगली की तुकिमान त्या साती उपटून पुन्हा लावायचे. बू सारियेम आपल्या चहाच्या टपरीतून बघायची.

"अहो, स्पष्ट सांगा ना त्यांना!"

"कसं सांगू, बू? किती मनापासून वाकडं करतात ते!"

सोळा तारखेला ओळ पूर्ण झाली. तिच्यावरून मुंगीही रांगेत चालावी अशी. परीक्षक आले, थबकले.

"ही कड कोणी लावली?"

"आम्ही सगळ्यांनी!" पाक वालुयो म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या; पहिली मान तुकिमान यांची. बू सारियेमनं तोंड उघडलं, तर ते घाईनं म्हणाले, "बू, चहात साखर कमी पडलीय हं."

गल्लीला पहिलं बक्षीस मिळालं, एकजुटीचं.

पुढच्या मार्चमध्ये तुकिमान गेले, या वेळी खरोखर. कबरीला विटांची कड सगळ्या गल्लीनं मिळून लावली.

"कशी काय?" पाक वालुयोंनी विचारलं.

"फारच छान, पाक," बू सारियेम म्हणाली.

चौतीस विटा आहेत. एकही सुतात नाही.